शिडीच्या भागातली बदकीण

‘हेपवर्थ अँड डॉटर’ ही मालिका एकोणीस वर्षं चालली. तिचे एकशे बेचाळीस भाग झाले, आणि त्यातला सगळ्यांत लाडका कोणता असं लँकेशायरमध्ये कुणालाही विचारा, तो क्षणाचाही विचार न करता सांगेल, ‘शिडीचा.’ भागाला खरं नाव काय होतं ते टीव्हीवाल्यांनाच ठाऊक. लोकांनी आपापल्या सोयीने नावं पाडलेली होती. शिडीचा, पोपटाचा, ज्यात मॅगीचं लग्न मोडतं तो.

शिडीच्या भागात होतं काय, तर म्हातारा हेपवर्थ आपल्या हार्डवेअरच्या दुकानात नवीन आलेली उंच शिडी गिऱ्हाइकांना दाखवायला म्हणून ऐटीत वर चढतो, आणि वर पोचल्यावर त्याला कळतं की आपल्याला उंचीची भीती वाटते. कबूल करील तर तो हेपवर्थ कसला! दिवसभर तो वरूनच दुकान चालवतो. लेक मॅगी बादलीतून दोरीने चहा वर पाठवते. शेवटी विधवा मिसेस फील्डन खिळे घ्यायला येते, मान वर करून विचारते, “खाली कधी येणार, मिस्टर हेपवर्थ?” तो तिच्याकडे चार सेकंद नुसता बघतो आणि म्हणतो, “दुकान बंद झाल्यावर बघू.”

कागदावर यात हसण्यासारखं काही उरत नाही, हे मान्य. पण हेपवर्थचं काम करणारा स्टॅन क्रॉशॉ ते करायचा तेव्हा माणसं खुर्चीवरून घसरायची. आणि त्या चार सेकंदांतच ती गोष्ट घडायची, जिच्यावरून पन्नास वर्षं वाद चालला होता. हेपवर्थ तोंड उघडून उत्तर देण्याच्या आधीच, सगळा प्रेक्षकवर्ग चिडीचूप असताना, एक बाई एकटीच फिस्सकन हसते आणि मग बदकासारखी क्वॅक-क्वॅक करत सुटते. पाठोपाठ क्रॉशॉच्या चेहऱ्यावर एक हसू येऊन जातं. एकोणीस वर्षांत हेपवर्थ हसला तो तेवढाच एकदा. त्या हसण्यावर लोक जीव टाकत, आणि त्या बाईला शिव्या देत. विनोद व्हायच्या आधी हसणारी बावळट बाई. ‘बदकीण’ हेच तिचं नाव पडलं होतं.

ती बदकीण म्हणजे वेंडी ऑर्मरॉडची आई होती. हे आता वेंडीशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

एप्रिलमधल्या एका मंगळवारी वेंडी स्वयंपाकघरात बसली होती. शेजारची जॅनिस तिच्या केसांना रंग लावत होती. जॅनिसचं गावात केशकर्तनालय होतं, पण मैत्रिणींचे केस ती त्यांच्या घरीच करायची, कारण तिथे बोलता यायचं. टेबलावर ‘हेपवर्थ रसिक मंडळा’चं तिमाही पत्रक पडलं होतं. वेंडी बावीस वर्षं मंडळाची सभासद होती. वर्गणी वेळेवर भरायची, पण सभेत कधी तोंड उघडलं नव्हतं.

“अरे देवा,” वेंडी म्हणाली.

“हलू नकोस गं. कान काळा होईल.”

“जॅनिस, ते तिला काढून टाकणारेत.”

पत्रकात ठळक अक्षरांत आनंदाची बातमी होती. सगळे भाग स्वच्छ करून नव्याने बाजारात येणार होते. आता अशी यंत्रं निघाली आहेत की गर्दीतला एकच आवाज वेगळा काढून पुसता येतो. ‘पन्नास वर्षं आपल्या डोक्यात गेलेली बदकीण अखेर उडणार! कंपनीला मंडळाची संमती हवी असून ठराव क्रमांक सहा वार्षिक सभेत मांडण्यात येईल.’ खाली सही, कीथ टॅटरसॉल, अध्यक्ष.

“मग बरं झालं की,” जॅनिस म्हणाली. “मलासुद्धा ती बाई... वेंडी? अगं, रडतेस काय?”

मग वेंडीने सांगितलं.

वेंडीची आई नेली पिलिंग चौदाव्या वर्षी गिरणीत लागली आणि बत्तीस वर्षं सहा-सहा माग सांभाळत राहिली. मागांच्या खडखडाटात तिथे कुणालाच काही ऐकू यायचं नाही. म्हणून गिरणीतल्या बायका आवाज न काढता, ओठ मोठमोठे हलवून बोलायच्या, आणि समोरचीचे ओठ बघून समजून घ्यायच्या. मी-मॉ म्हणायचे त्या बोलीला. पुढे कान कायमचे गेले तरी ओठ वाचायची सवय राहिली. घरीसुद्धा नेली अर्धं बोलणं तसंच करायची, विशेषतः चारचौघांत न बोलण्यासारखं काही असलं की. कुणाची गर्भाची पिशवी काढून टाकली, कुणाचा नवरा कुठे जातो, हे सगळं रस्त्यापलीकडच्या शेजारणीला खिडकीच्या काचेतून. वेंडी आणि तिचे बाबा जेवताना मान खाली घालून बसत, पण वेंडी चोरून आईचे ओठ बघत असे, आणि तिला सगळं कळत असे.

चौऱ्याहत्तर साली गिरणीच्या क्लबाची बस मँचेस्टरच्या स्टुडिओत गेली, ‘हेपवर्थ’चं चित्रण बघायला. नेली, आणखी अठ्ठावीस बायका, आणि सतरा वर्षांची वेंडी, जी नुकतीच एका कचेरीत टायपिस्ट म्हणून लागली होती आणि जिला गिरणीतल्या बायकांसोबत दिसण्याची थोडी लाजच वाटत होती. तिसऱ्या रांगेत जागा मिळाली. आणि आई चुकीच्या जागी हसली. दोनशे माणसांनी माना वळवल्या.

“परतीच्या बसमध्ये मी तिला म्हटलं, तू माझी लाज काढलीस. एवढं ऐकू येत नाही तर यायचं कशाला?”

जॅनिसने ब्रश वाटीत ठेवला.

“मग ती काय म्हणाली?”

“काही नाही. खिडकीतून बाहेर बघत बसली. त्यानंतर हसली नाही असं नाही गं, पण माझ्यासमोर, बाहेर कुठे... नाही. सत्तावन्नाव्या वर्षी गेली. तिचा आवाज कुठे नाही, जॅनिस. टेप नाही, काही नाही. फोटो आहेत ढीगभर. आवाज तेवढाच आहे, अकरा सेकंद. कुणी नसलं की मी लावते आणि डोळे मिटून ऐकते.”

जॅनिस हात पुसत उभी राहिली. तिला गप्प बसायची सवय नव्हती, त्यामुळे ती लवकरच म्हणाली, “सभा कधी आहे?”

“शनिवारी नाही, पुढच्या.”

“गाडी मी काढते. आणि या केसांनी तुला जाऊ देणार नाही, परत एकदा बसावं लागेल.”

“मी काय बोलणार तिथे? मला बोलता येत नाही सभेत.”

“मग शिक. अकरा दिवस आहेत.”

वेंडीने एकदा मनावर घेतलं की ती मागे हटत नसे, हे तिच्या दिवंगत नवऱ्याला चांगलं माहीत होतं. अकरा दिवस तिने आरशासमोर भाषण घोकलं. कीथ टॅटरसॉलला दोन पत्रं लिहिली. एकाचं उत्तर आलं, की विषय घटनेनुसार सभेपुढेच येईल. दुसऱ्याचं आलं नाही. भाषणाचा कागद तिने इतक्यांदा बदलला की शेवटी तो पाठ झाला आणि कागदाची गरजच उरली नाही.

सभा अ‍ॅक्रिंग्टनच्या मेथडिस्ट चर्चच्या हॉलमध्ये होती. पंचेचाळीसेक माणसं, घडीच्या खुर्च्या, अंड्याची सँडविचेस आणि मागच्या खिडकीत चहाचं मोठं पिंप. पिंपाशी आल्मा नावाची नव्वदीला टेकलेली बाई उभी होती. ती मंडळाची सभासद नव्हती, चर्चची होती, आणि कुणीही दुसरा कप मागितला की त्याच्याकडे संशयाने बघायची.

कीथ टॅटरसॉल पोस्टातून निवृत्त झालेला, उंच, घशात बोलणारा माणूस. ‘हेपवर्थ’बद्दल त्याला ठाऊक नसलेली गोष्ट अस्तित्वातच नव्हती. क्रॉशॉच्या त्या एका हसण्यावर त्याने आठ पानी लेख लिहिला होता आणि निष्कर्ष काढला होता की कारण अज्ञात आहे. मागील सभेचं इतिवृत्त वाचलं गेलं, अनुमोदन मिळालं, खजिनदाराचे आभार मानले गेले, आणि मग ठराव सहा आला.

कंपनीकडून इमोजेन नावाची पस्तिशीची बाई लंडनहून आली होती. आवाज साफ करण्याचं काम तीच करत होती. तिने आपलं यंत्र पडद्याशेजारी मांडलं होतं. बोलायला नम्र होती, पण इथले लोक काही सेकंदांवरून एवढे का भांडतात हे तिला उमगत नव्हतं, आणि ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

वेंडी उठली. “अध्यक्ष महाराज, ती बदकीण माझी आई आहे.”

हॉलमध्ये एक खुर्ची करकरली. वेंडीने सगळं सांगितलं. गिरणी, बस, तिसरी रांग, अकरा सेकंद. बसमध्ये आईला काय बोलली तेही सांगितलं, कारण ते लपवून बाकीचं सांगणं तिला खोटेपणाचं वाटलं. संपलं तेव्हा दोन-तीन बायका नाक पुसत होत्या.

“मिसेस ऑर्मरॉड,” कीथ हळू आवाजात म्हणाला, आणि त्याला खरोखर वाईट वाटत होतं, “तुमच्याबद्दल आम्हा सगळ्यांना सहानुभूती आहे. तुम्हाला त्या आवाजाची प्रत कंपनी नक्की देईल. होय ना?”

“अर्थात,” इमोजेन म्हणाली.

“पण आपण इथे भागाचा विचार करायला जमलोय. विनोद आधी, हसणं नंतर. त्या बाई... तुमच्या आई चुकल्या. आपण चूक दुरुस्त करतोय, इतकंच.”

“बरोबर आहे,” मागून कुणीतरी म्हणालं. “पन्नास वर्षं सहन केलं.”

“तुमच्या आईला नाही पुसून टाकत कुणी,” जॅनिस मागे वळून त्याच्यावर खेकसली.

“सभासद नसलेल्यांनी बोलू नये,” कीथ म्हणाला.

“मला प्रत नकोय,” वेंडी म्हणाली. “प्रत माझ्याकडे आहे. लोक हा भाग बघतील तेव्हा ती त्यात असायला हवी. ती तिथे होती.”

पण तिला कळत होतं की हॉल आपल्या बाजूने नाही. माणसं कनवाळू होती, आणि कनवाळूपणानेच हात वर करणार होती. कीथने इमोजेनला मान हलवून खूण केली. “मतदानाआधी स्वच्छ केलेला प्रसंग एकदा बघू या. म्हणजे सगळ्यांना कळेल.”

पडद्यावर दुकान आलं. मिसेस फील्डन आत आली, मान वर केली. “खाली कधी येणार, मिस्टर हेपवर्थ?”

आणि मग शांतता. आई नव्हती. पन्नास वर्षांत या जागी तिने कधी डोळे उघडे ठेवले नव्हते. आधी लाजेने मिटायची, मग नीट ऐकू यावं म्हणून. आज ऐकायला काही नव्हतं, म्हणून ती बघत राहिली. शिडीवरचा क्रॉशॉ खाली बघत होता. पण मिसेस फील्डनकडे नव्हे, तिच्या डोक्यावरून पलीकडे, प्रेक्षकांत. त्याचे ओठ हलत होते.

“थांबा!” वेंडी इतक्या मोठ्याने ओरडली की इमोजेनने दचकून बटण दाबलं. “मागे घ्या. परत लावा.”

“मिसेस ऑर्मरॉड, नियमाप्रमाणे...”

“नियम गेला खड्ड्यात, कीथ. परत लावा.”

परत लागलं. वेंडी पडद्याच्या अगदी जवळ गेली. मग ती मागे वळली, आणि तिचा चेहरा बघून जॅनिस अर्धी उठली.

“तो बोलतोय,” वेंडी म्हणाली. “मी-मॉ करतोय.”

“ओठ हलतात त्याचे, ठाऊक आहे,” कीथ म्हणाला. “माझ्या लेखात आहे. पान तीन. संवाद विसरल्यामुळे तो मनातल्या मनात...”

“काही विसरला नाहीये. तो म्हणतोय,” आणि इथे वेंडी लाल झाली, पण थांबली नाही, “‘बाई गं, केव्हाची लघवीला लागलीय. आता इथूनच होणार.’”

कुणी हसलं नाही. खरं वाटलं नाही म्हणून.

तेवढ्यात मागच्या खिडकीत चमचा आपटला. “बरोबर सांगतेय ती!” चहाच्या पिंपामागून आल्मा ओरडली. “मघाशीच दिसलं मला. म्हटलं, चर्चच्या हॉलात हे काय दाखवतायत! सव्वीस वर्षं होते मी मागावर. लावा परत. बघा, ‘इथूनच’ म्हणताना कसा खाली बघतो मेला!”

इमोजेनने न विचारताच परत लावलं, या वेळी हळू. आता कुणालाही ओठ वाचता येत नसले तरी काय वाचायचं ते ठाऊक होतं, आणि पहिल्या रांगेपासून हसू फुटलं ते मागपर्यंत गेलं.

“दुसऱ्या कॅमेऱ्यात बिघाड झाला होता,” वेंडी हसण्यावरून ओरडून सांगत होती. “चाळीस मिनिटं त्याला खाली उतरू दिलं नाही! शिडीची जागा बदलेल म्हणून! आम्ही सगळ्या बघत बसलो होतो!”

कीथ टॅटरसॉल मात्र हसत नव्हता. तो पडद्याकडे बघत उभा होता. “क्रॉशॉ मूळचा नेल्सन गावचा, गिरण्यांच्या गावचा,” तो स्वतःशीच बोलावं तसं म्हणाला. “त्याची आई मागावर होती. आणि त्या दिवशी प्रेक्षकांत गिरणीची बस आहे हे त्याला चित्रणाआधी सांगितलेलं होतं. नोंद आहे. त्याने मुद्दाम... गंमत म्हणून सोडलं. कुणाला कळतंय का बघायला.”

“आणि एकीला कळलं,” जॅनिस म्हणाली.

“बाकीच्या अठ्ठावीस?” कीथने विचारलं.

“बाकीच्या कॅमेरे बघत होत्या,” वेंडी म्हणाली. “आईला ऐकू येत नव्हतं. ती फक्त त्याचं तोंड बघत होती.”

“म्हणजे तो हसतो ते...” कीथ खाली बसला. आठ पानं लिहिलेल्या माणसाला ते वाक्य पुरं करायला वेळ लागला. “ते तिच्याकडे बघून हसतो.”

नंतरचं फार लांबलं नाही. कीथने, त्याच्या बाजूने बोलायचं तर, रीतसर सगळं केलं. ठराव सहा स्वतः मागे घेतला, नवा स्वतःच मांडला, ‘सदर हसणे मूळ ध्वनिमुद्रणात जसे आहे तसेच ठेवावे,’ आणि अनुमोदक म्हणून कोण, असं विचारल्यावर चहाच्या पिंपामागून हात वर आला. सभासद नसलेल्यांना अनुमोदन देता येत नाही हे तो सांगणार होता, पण आल्माकडे बघून गप्प बसला. एक्केचाळीस विरुद्ध दोन. ते दोघेही मागच्या रांगेतले, आणि जॅनिसने त्यांचे चेहरे लक्षात ठेवले.

मग माणसं वेंडीभोवती जमली. नेली कशी होती, कुठे राहायची, कोणत्या गिरणीत, असं विचारू लागली. कुणी सँडविच आणून दिलं. पन्नास वर्षं जिला बावळट म्हटलं तिच्याबद्दल आता प्रत्येकाला काहीतरी जाणून घ्यायचं होतं. वेंडी उत्तरं देत होती, आणि बोलता बोलता तिच्या लक्षात आलं की आपण हसतोय.

गर्दी पांगल्यावर इमोजेन जवळ आली. तिने हेडफोन हातात धरले होते.

“एक विचारायचं होतं. सगळ्यांसमोर नको म्हणून थांबले.” ती जरा घुटमळली. “आवाज वेगळे करताना तुमच्या आईच्या हसण्याखाली मला आणखी एक सापडला. टीव्हीवर कधी ऐकू आला नसणार, खूप खाली दबलेला आहे. पण नव्या आवृत्तीत सगळं स्वच्छ होतं ना, तर तोही वर येईल. एका मुलीचा आहे. तुम्ही हवं तर ऐका.”

वेंडीने हेडफोन लावले. आई हसत होती, कधी नव्हे इतकी जवळ, श्वास घेतल्याचंसुद्धा कळत होतं. आणि आठव्या सेकंदाला एक कोवळा, धारदार आवाज, दात ओठ खाऊन बोललेला, “आई, गप्प बस ना! सगळे बघतायत!”

त्यापुढे तीन सेकंद आई थोडं थोडं हसली आणि मग थांबली.

वेंडीला फक्त बस आठवत होती. इतकी वर्षं तिला वाटत होतं की आई हसून घेतल्यावर आपण बोललो, परतीच्या वाटेवर, सगळं झाल्यावर. ते हसणं आपोआप संपलं असंच ती समजत होती. तिने हेडफोन काढले.

“काय झालं गं?” जॅनिसने विचारलं.

इमोजेन घाईने म्हणाली, “ते मी काढू शकते. तेवढंच. अगदी सहज. आईचं हसणं तसंच राहील आणि कुणाला कधी कळणारही नाही. अध्यक्षांना विचारायचीसुद्धा गरज नाही.”

वेंडीने हॉलभर नजर फिरवली. पिंपाशी आल्मा कप विसळत होती. कीथ एकेक खुर्ची घडी करून भिंतीला लावत होता.

“ठरावात काय लिहिलंय?” वेंडीने शेवटी विचारलं.

“जसं आहे तसं ठेवावं.”

“मग जसं आहे तसंच ठेव.”

“नक्की? लोक ऐकतील.”

“ऐकू देत. ती हसली ते राहणार, तर मी तिला गप्प केलं तेही राहायला हवं,” वेंडी म्हणाली, आणि हेडफोन पुन्हा कानांवर चढवले. “अजून एकदा लाव. शेवटपर्यंत.”